हिरवीचं रोज नवं दुखणं

गल्लीच्या टोकाला त्या दोघा भावांचं गॅरेज होतं. खाली गॅरेज, वर घर आणि मधे लाकडी जिना. मोठ्याला लोक थोरले मिस्त्री म्हणत, लहानाला धाकटे. धाकट्यानं सहासष्टी ओलांडली तरी थोरला त्याला हाक मारायचा ती 'बाळ्या' अशीच. धाकट्याचं लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे दादा, वहिनी आणि तो असं तिघांचं घर.

गॅरेजचं नाव होतं ते थोरल्याच्या कानावर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, अमुक बेअरिंग, तमुक व्हॉल्व. मग धाकट्यानं खोलायचं. चाळीस वर्षांत त्यानं खोललं आणि थोरल्याचं म्हणणं खोटं निघालं, असं फार तर दोनदा झालं असेल. धाकट्याचा हात साफ होता. पण 'काय झालंय' हे स्वतःच्या तोंडानं सांगायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. दादा मान हलवायचा, मग हा पाना उचलायचा.

दोन वर्षांपूर्वी थोरल्याला विसर पडायला लागला. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग दुपारी जेवलो की नाही ते, मग गॅरेजातून वर जायचा रस्ता. एकदा त्यानं एका गाडीचे ब्रेक अर्धवट जोडून गाडी तशीच देऊन टाकली. नशीब बलवत्तर म्हणून ती कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकून थांबली. त्या दिवशी वहिनींनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. तेव्हापासून तो गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले द्यायचा. आत काम करता करता धाकटा 'हो दादा, हो' म्हणायचा. काय म्हणतोय ते ऐकायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, अशी सवयच लागून गेली.

अशात बाईंची हिरवी आली.

बाई म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची ती दोन माणसांची, इंग्लंडात बनलेली, साठ वर्षं जुनी, हिरव्या रंगाची स्पोर्ट्स कार. तिला छप्पर कापडाचं, बसायची जागा इतकी खाली की उतरताना माणसानं आधी मनाची तयारी करावी. यजमानांची आठवण म्हणून बाईंनी ती ठेवली, असं लोक म्हणत. बाई म्हणत, "आठवण कसली? त्यांना ती चालवता यायची नाही. गाडी माझीच."

"वीस मिनिटं झाक चालते," बाईंनी सांगितलं. "मग धापा टाकायला लागते आणि मरते. अर्धा तास उभी केली की पुन्हा जसं काही झालंच नाही. परवा तर मला घाटात सोडलंन. म्हटलं, थोरल्यांच्या कानावर घालावं."

थोरला खुर्चीतून म्हणाला, "या, या. मुलं बरी आहेत ना?" बाईंना मूलबाळ नव्हतं. बाईंनी धाकट्याकडे पाहिलं आणि सगळं समजल्या. "तुम्हीच बघा मग," त्या हळूच म्हणाल्या.

मनातून धाकट्याला धडकी भरली. पण खोटं कशाला बोला, थोडी मजाही वाटली. एवढ्या मुरलेल्या गाडीचं दुखणं त्यानं एकट्यानं शोधायचं होतं. त्यानं इंचाच्या मापाचे पाने बाहेर काढले, पुसून ओळीनं मांडले आणि हात धुऊन मागे लागला. गरम झाल्यावर मरते म्हणजे एक तर पेट्रोल पोहोचत नाही, नाही तर ठिणगी पडत नाही. पंप टिकटिक करत होता, दोन्ही कार्बोरेटरांत पेट्रोल येत होतं. टाकीचं झाकण उघडं ठेवून पाहिलं, तरी विसाव्या मिनिटाला हिरवी मेलीच. मग मेल्या मेल्या, गरम असतानाच त्यानं एका प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. ठिणगी होती, पण पिवळट, मरतुकडी. कॉइल बदलून पाहिली. फरक नाही. तिसऱ्या दिवशी चारी प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतला कंडेन्सर बदलला. हा अंगठ्याच्या पेराएवढा डबा. थंड असताना शहाण्यासारखा वागतो आणि तापला की दगा देतो. नवा बसवल्यावर ठिणगी निळी, कडकडीत पडली. हिरवी एक तास अखंड चालली. धाकट्यानं तिच्या बोनटवर थाप मारली आणि बाईंना फोन केला, "उद्या संध्याकाळी या. झाली."

त्या दिवशी जेवताना त्यानं वहिनींकडून भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. "आज काय, स्वारी खुशीत?" वहिनी म्हणाल्या. "सापडलं," तो म्हणाला. "माझं मला सापडलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून, अर्धा तास आडवा होऊन तो खाली आला आणि बाई यायच्या आधी एकदा पाहावं म्हणून त्यानं सेल्फ मारला. हिरवी थडथडली, कार्बोरेटरातून उलटा बार निघाला आणि ती दोनच सिलिंडरवर लंगडत चालायला लागली. मधले दोन्ही मेलेले. मधले दोन शेजारी एकदम गेले म्हणजे गॅस्केट फुटलं असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यानं बाईंना आज येऊ नका म्हणून कळवलं आणि चारी सिलिंडरांचा दाब मोजला. चारी ठणठणीत. तास गेला, दीड तास गेला. शेवटी लक्ष गेलं ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीकडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या वायरी एकमेकींच्या जागी बसल्या होत्या.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. आपणच उलट्या घातल्या. पण काल तर नीट चालली होती ना? की नव्हती?

त्याच्या पुढच्या दिवशी हिरवीनं काळा धूर ओकायला सुरुवात केली. कार्बोरेटरांच्या तळाचे नट कुणी तरी पिळून खाली आणल्यासारखे, मिश्रण इतकं जाड की प्लगवर काजळी धरलेली. त्यानं ते जागेवर आणले. त्याच्या पुढच्या दिवशी ठिणगीचं टायमिंग सरकलेलं. मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट मिटलेली. एक दुखणं काढावं तर दुपारी दुसरं हजर. बाईंना तो रोज काही तरी सांगत होता आणि बाई "बरं, घाई नाही" म्हणत होत्या. त्यांचं ते 'घाई नाही' त्याला जास्त लागत होतं.

धाकट्याची झोप उडाली. आतापर्यंत आपण मिस्त्री म्हणून मिरवलो ते दादाच्या जिवावर, हे तर त्याला कळून चुकलंच होतं. पण त्याहून वाईट विचार त्याला धड पुरता करवतही नव्हता. दादाचं असंच सुरू झालं होतं. हातानं केलेलं आठवायचं नाही. एकाच आईच्या पोटचे दोघे. त्यानं एक वही केली. सकाळी काय केलं, कुठला नट किती फिरवला, सगळं तारखेनिशी लिहायला लागला. 'दोन्ही कार्बोरेटर, नट बारा घरं खाली.' घर म्हणजे नटाची एक कड. दुपारी मोजले तर वीस घरं. वही हातात धरून तो स्टुलावर बसून राहिला. अक्षर त्याचंच होतं. एक तर वही खोटं बोलत होती, नाही तर तो.

"भावजी, तुम्ही जेवत नाही आहात नीट," वहिनी म्हणाल्या. "तुमचे दादा बघा, गेले आठ दिवस कसे पोटभर जेवतायत. झोपही लागते त्यांना. मला तर वाटतं, त्या नव्या गोळ्यांचा गुण आला."

त्याच दुपारी तो चष्मा खाली विसरला. पेपर वाचायला घेतला, चष्मा सापडेना, म्हणून अर्ध्या झोपेतून उठून जिना उतरायला लागला. जिन्याच्या वळणावरून गॅरेज दिसायचं. हिरवीचं बोनट उघडं होतं आणि दादा तिच्यावर वाकला होता.

बाह्या दुमडलेल्या, खिशात फडकं. अर्ध्या इंचाचा पाना त्यानं न बघता, नुसता हात मागे नेऊन बरोबर उचलला. वायरी काढून पुन्हा बसवल्या, एक-दोन-चार-तीन. ठिणगी पडायची ही ओळ हिरवीची नव्हती. ती त्यांच्या तरुणपणीच्या डिलिव्हरी व्हॅनची होती. तिच्यावर दोघे हे काम शिकले होते. दादा तोंडानं बारीक शीळ घालत होता. घरात वाट चुकणारा, शर्टाच्या गुंड्या वहिनींकडून लावून घेणारा माणूस हा नव्हेच. काम झाल्यावर त्यानं पाने पुसून जिथले तिथे ठेवले, बोनट हलक्या हातानं लावलं, हात धुतले आणि दाराशी खुर्चीवर जाऊन बसला. मिनिटाभरात त्याच्या चेहऱ्यावर रोजचा रिकामेपणा परत आला.

धाकटा पायरीवर बसला. त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. मी नाही. मी शाबूत आहे. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते या आनंदाचं होतं. आपण कशावर आनंदलो हे लक्षात आल्यावर मात्र तो शरमेनं तिथल्या तिथे आक्रसला.

त्यानं तेव्हाच वहिनींना सांगायला हवं होतं. गॅरेजला कुलूप घालायला हवं होतं, निदान बाईंची गाडी त्याच संध्याकाळी बाईंच्या दारात नेऊन उभी करायला हवी होती. यातलं त्यानं काही केलं नाही. वर जाऊन बाईंना फोन केला आणि सांगितलं, "एक पार्ट बाहेरून यायचाय. पंधरा दिवस लागतील."

आणि मग रोजचा परिपाठ ठरला. सकाळी तो इतर गाड्या बघायचा. जेवण झालं की आडवा होऊन डोळे मिटून पडायचा आणि खालून येणारी शीळ ऐकायचा. चार वाजता खाली उतरून वहीत बघून एकेक गोष्ट पूर्ववत करायचा. वायरी, पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटर. दादाचा हात या चारांपलीकडे जात नसे. संध्याकाळी कधी कधी तो मुद्दाम विचारायचा, "दादा, हिरवीचं काय वाटतं?" दादा म्हणायचा, "कोण हिरवी?" तरी तो रात्री शांत झोपायचा आणि वहिनी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना दुवा द्यायच्या. धाकट्याला वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय? बाईंचे पंधरा दिवस जातात एवढंच ना.

बाई दर दोन-तीन दिवसांनी बसनं यायच्या. लांबूनच हिरवीकडे बघायच्या आणि परत जायच्या. सोळाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मिस्त्री, पार्ट नसेल मिळत तर राहू दे. मी वीस-वीस मिनिटांनी थांबत जाईन. पण घरात बसून मला कसं तरी होतं हो."

"उद्या पाच वाजता घेऊन जा," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दादाला शेवटचं म्हणून मोकळं सोडलं. चार वाजता उतरला, वही उघडली, चारही गोष्टी जागेवर आणल्या. बाई पाचाला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या, हातात गाडी चालवायचे मोजे. थोरला दाराशी खुर्चीत होता. धाकट्यानं सेल्फ मारला आणि हिरवी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाई लहान मुलीसारख्या हसल्या.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "दोन्ही कार्बोरेटर एकसारखे ओढतात का तेवढं ऐकतो." त्यानं इंजिन जरा वरच्या लयीत लावलं, रबरी नळीचं एक टोक कानात घातलं आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. नळीतून हवेचा सुसाटा येत होता. पहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"बाळ्या," थोरला खुर्चीतून म्हणाला. "बंद कर."

"हो दादा."

"तेल नाहीये तिच्यात. बाळ्या! बंद कर ती!"

"हो दादा, हो," धाकटा म्हणाला आणि दुसऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला.

थोरला उठून उभा राहिला. "तिसऱ्याचं बेअरिंग बोलतंय! ऐकू येत नाही का तुला?" बाईंनी दचकून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. धाकट्यानं त्यांना डोळ्यांनीच खुणावलं, लक्ष देऊ नका, आणि सुरात चाललेल्या इंजिनाला शेवटची म्हणून दणकून रेस दिली.

घणाचा घाव पडावा तसा आवाज झाला. मग दुसरा. मग गाडी अख्खी हादरली आणि गप्प झाली. खालून काही तरी धातूचं फरशीवर पडून घरंगळत भिंतीपर्यंत गेलं. ब्लॉकला बाजूनं मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून तुटलेला पिस्टनचा दांडा बाहेर डोकावत होता. एवढं होऊन फरशीवर सांडलं ते चमचाभर तेल.

नळी अजून त्याच्या कानातच होती. ती काढून तो मागच्या फळीकडे गेला. जुन्या तेलाच्या डब्यांत एक डबा काठोकाठ भरला होता, वर फडकं घडी करून ठेवलेलं. शेजारी नव्या तेलाचा डबा आणि नरसाळं. दादानं आज तेल बदलायला घेतलं होतं. जुनं काढलं, खालचा बोल्ट पुसून घट्ट बसवला आणि नवं ओतायच्या वेळेस वहिनींनी गोळी घ्यायला वर हाक मारली होती. ती हाक धाकट्यानं अंथरुणात पडल्या पडल्या ऐकली होती.

"कुठल्या गाढवानं तेल न बघता चालू केली?" थोरला ओरडला. त्याचे डोळे स्वच्छ होते, पूर्वी असायचे तसे. "कुणी?"

"मी, दादा," धाकटा म्हणाला.

बाईंनी वाकून त्या भोकात पाहिलं. "तुम्ही तेल पाहिलं नव्हतंत?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरोखरच समजून घ्यायचं म्हणून.

"नाही. चुकलो."

"पण ते ओरडत होते. त्यांना ऐकू येत होतं."

खरं काय ते सांगितलं असतं, तर दादाचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि दादाचं नाव घेतलं असतं, तरी पंधरा दिवस थापा मारून गाडी अडकवून ठेवणारा कोण, हा प्रश्न उरलाच असता. "इंजिन शोधतो मी. कुठून तरी आणतो," तो म्हणाला.

त्यानं शोधलं. तीन महिने पत्रं पाठवली, फोन केले. तसलं इंजिन मिळालं नाही. एक मिळालं तेही तडकलेलं निघालं. हिरवी ओढून बाईंच्या घरी नेली आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली. बाई एकदाही वाईट बोलल्या नाहीत. पुढे त्या बसस्टॉपवरही दिसेनाशा झाल्या. कुणी तरी म्हणालं, त्या हल्ली बाहेरच पडत नाहीत.

वहिनींना त्यानं त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्या हातातलं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे गोळ्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. मग ताट ओट्यावर आपटलं. "भावजी, मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर! एखादं भंगारातलं इंजिन दिलं असतं त्यांना खेळायला. पाण्याचा पंप दिला असता. बाईंचीच गाडी सापडली तुम्हाला?"

हे इतकं साधं होतं आणि त्याला सुचलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं भंगारवाल्याकडून एक जुनं इंजिन आणून गॅरेजच्या मधोमध मांडलं, पाने लावून ठेवले. थोरल्यानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हे मेलेलं आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला. मग त्याचं जेवण पुन्हा कमी झालं. पाय थकायला लागले, जिना बंद झाला, खुर्ची वरच्या खिडकीशी गेली. धाकट्यानं हातातली कामं पुरी करून दिली आणि नवी घेणं थांबवलं. लोक विचारत, तेव्हा तो म्हणायचा, आता दादा नाही ना खाली.

हिवाळा संपेपर्यंत थोरला वहिनींनाही ओळखेनासा झाला. त्यांना तो दवाखान्यातल्या नर्स समजायचा आणि फार अदबीनं वागायचा. आपलं नाव, आपलं घर, आपला कान, सगळं पुसून गेलं. एक गोष्ट तेवढी गेली नाही. ती कुठे अडकून राहिली कोण जाणे. धाकटा सकाळी चहा घेऊन आत गेला की थोरला त्याच्याकडे निरखून बघायचा, कपाळाला आठी पडायची आणि तो म्हणायचा, "तूच ना रे तो? तेल न बघता चालू केलीस?"

"हो दादा."

"बाईंची गाडी होती ती."

"हो."

"मी सांगत होतो तुला."

"सांगत होतास, दादा," धाकटा म्हणायचा आणि बशीत चहा ओतून त्याच्या ओठाला लावायचा. थोरला चहा प्यायचा, पण नजर काढायचा नाही. दुपारी पुन्हा तेच विचारायचा, संध्याकाळीही. वहिनी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "तेल त्यांनीच काढलं होतं, हे सांगून टाका हो एकदा. त्यांना काय कळणार आहे?" धाकटा मान हलवून नाही म्हणायचा, रुमालानं दादाची हनुवटी पुसायचा आणि रिकामा कप घेऊन बाहेर यायचा.